भिंत मी धुतली, मामा

नामदेवमामा,

रामराम. इंदू लिहितेय, झाडूखोलीतली. मी पेन हातात धरलंय याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतंय. चौथी शिकलेली बाई मी, त्यातही चौथीतला अर्धा पावसाळा भाताच्या आवणीत, रोपं लावण्यात गेला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसायचं नाही. तुम्ही तरी कुठले पंडित होतात?

का लिहितेय ते आधी सांगते. तुमच्या बागेच्या क्लबातल्या पोरांनी तुम्हाला पत्रं लिहिलीत. अठराच्या अठरा जणांनी. येत्या बुधवारी ती तुमच्या खताच्या खड्ड्यात जाणार, केळीच्या सालींच्या जोडीला. प्राजक्ता मिस म्हणाल्या होत्या की छान पेटीत ठेवू. पोरं म्हणाली, नको, मामा सांगायचे की कागदाची पण माती होते.

तर परवा चौथीतली इरा माझ्या दारात आली. ओळी आखलेले दोन कागद माझ्या हातात कोंबले आणि म्हणाली, "मावशी, तूच राहिलीस."

"मला काय लिहायचंय त्यांना?"

"आम्हाला सांगितलंस ते. मामांना अजून माहीत नाहीये ना."

पोरीचं बरोबर होतं. सगळ्या शाळेला माहीत झालं आणि ज्यांना आधी सांगायला हवं होतं ते राहिले. म्हणून लिहितेय. रोज जेवणाच्या सुट्टीत, बादलीवर पाट ठेवून. दोन कागद पहिल्याच दिवशी संपले, मिसकडून आणखी मागून आणलेत.

आता ऐका.

तुमचं-माझं भांडण किती वर्षांचं? मी शाळेत लागले त्याच आठवड्यात सुरू झालं. अशा मोठ्या इंटरनॅशनल शाळेत काम मिळालं म्हणून मी नवी साडी नेसून आलेली. व्हरांड्याच्या त्या लांबलचक पांढऱ्या फरश्या दोनदा पुसल्या, आरशासारख्या. आणि शेवटच्या तासाला तुमची पलटण बागेतून सुटली. पायाला ढेकळं, हातात मुळे, कुणाच्या खिशात गांडूळ. माझ्या फरशीचा रस्ता झाला. मी तुमच्या अंगावरच धावून गेले. तुम्ही खुरपं टेकवून शांतपणे विचारलंत, "इंदूबाई, तुमच्या फरशीवर काय उगवतं?"

मी म्हटलं, "पगार उगवतो."

तुम्ही जे हसलात ते दिवसभर. मग दुसऱ्या दिवशी नळापाशी बादली आणि तांब्या आणून ठेवलात, पोरांचे पाय धुवायला. निम्मी पोरं धुवायची, निम्मी उडी मारून पळायची. मी ओरडायची. माझा आवाज बागेपर्यंत जायचा, आणि तुम्ही खाली वाफ्यात बसून म्हणायचात, "चला, इंदूबाई वरडली. पोरं पोचली वर्गात." मला हे मिसनी नंतर सांगितलं. मी ओरडत होते घसा फोडून आणि तुम्ही त्याची घंटा केली होती होय?

पोरं तुम्हाला मामा म्हणायची, मला मावशी. शाळेत सगळ्या शिपायांना मामा आणि सगळ्या बायांना मावशीच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण हिशोबानं आपण बहीण-भाऊ झालो की. कुणी विचारलं नाही, राखी नाही, काही नाही. भांडणं मात्र सख्ख्यासारखी.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. मी घोटीकडची, भाताच्या मुलखातली. लहानपणापासून गुडघाभर चिखलात. पायाच्या बोटांमधली कातडी पावसाळाभर कुजलेली असायची. लग्न करून नाशकात आले तेव्हा मनाशी ठरवलं होतं, आता माती पुरे. तुम्हाला वाटायचं, ही बाई नुसती तिरसट आहे. तिरसट आहेच. पण त्याला कारणही होतं, आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही.

आता तो मंगळवार. तुम्ही माझ्या दारात आलात. छातीत जळजळतंय, सोड्याची पुडी हाय का, म्हणालात. मी नुकतीच खोली पुसली होती. मी वर न बघता म्हटलं, "आधी पाय धुऊन या, मग आत या." तुम्ही "बरं बाई" म्हणून गेलात आणि परत आलाच नाहीत. मला वाटलं, बरं वाटलं असेल. बुधवारी पहाटे तुमच्या घरून निरोप आला.

पाय धुऊन यायला काय झालं होतं तुम्हाला? दहा पावलांवर नळ होता. की दुखणं इतकं होतं? हे मी कुणाला विचारू? पुडी काढून ठेवली होती मी, फळीवर. अजून तिथंच आहे.

त्या बुधवारी पोरांना शेवटच्या तासापर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं. ती नेहमीसारखी बागेत गेली आणि मेथीच्या वाफ्यापाशी रांगेत बसून राहिली. शेवटी मिस गेल्या सांगायला. मी वरून बघत होते. त्या दिवशी सगळी पोरं पाय धुऊन आत आली, एकही न पळता. फरशीवर एक ठिपका नाही. मला ते बघवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तुमचा दहावा. मी रजा टाकून द्वारका चौकात रिक्षा बदलत रामकुंडावर आले. तुमचा मुलगा म्हणाला, "तुम्हीच का त्या इंदूबाई? अण्णा रोज घरी येऊन तुमच्या शिव्या सांगायचे." म्हणजे घरीसुद्धा पोचवल्यात.

आणि मी तिकडे रामकुंडावर होते, तेव्हाच इकडे शाळेत ते झालं.

तुमची अवजारांची खोली आहे ना, तिची बागेकडची भिंत, पांढरी. पोरांनी तुमच्या मेथीच्या वाफ्यातली माती तुमच्याच घमेल्यात कालवली आणि प्रत्येकानं त्या भिंतीवर आपल्या हाताचा ठसा उमटवला. तुमच्यासाठी. मिसनी परवानगी दिली होती, मुख्याध्यापक मॅडमनी दिली होती. सगळ्या शाळेला माहीत होतं. मी रजेवर.

शनिवारी पोरांना सुट्टी, पण आम्हाला शाळा असते हे तुम्हाला माहीतच आहे. सकाळी आले, मागच्या बाजूला गेले, तर ही भिंतभर माती. मला काय वाटलं असेल? मी मोठ्यानं म्हटलं, "बघा मामा. तुम्ही गेलात नाहीत तोच पोरं फरशीवरून भिंतीवर आली." तिथं ऐकायला कुणी नव्हतं. नळी लावली, साबण घेतला, तारेचा ब्रश घेतला. माती वाळून घट्ट बसली होती. तासभर घासत होते. आणि तुम्हाला म्हणून सांगते, तो तास मला बरा गेला. दहा दिवसांनी पहिल्यांदा तुमच्याशी भांडायला कारण मिळालं होतं. घासत होते आणि तुम्हाला बोलत होते. लहान-लहान हात आहेत हे दिसत होतं मला. पण चिखलाचे हात पोरं कुठंही लावतात. मी काय दर वेळी विचारत बसते?

तुमच्या बागेतल्या चपला त्या खोलीच्या दाराशी होत्या. त्या तेवढ्या उचलून बाजूला ठेवल्या, भिजू नयेत म्हणून. एवढं का जपलं, ते तेव्हा कळलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मागून रडण्याचा आवाज आला. गेले, तर हाना. ती तिसरीतली, बाप सिन्नरच्या कंपनीत परदेशातून आलेला. तुमच्याकडून जी मराठीतले पहिले तीन शब्द शिकली, खुरपं, गांडूळ आणि थांब. ती भिंतीला तळवा लावून उभी होती. बाकीची पोरं मागं. मिस मला म्हणाल्या, "मावशी, इथे मुलांनी मामांसाठी हात उमटवले होते. कुणी पुसले, पाहिलंत का?"

मी म्हणाले, "नाही."

मामा, भिंत धुतली ती नकळत. हे 'नाही' मात्र मी चांगलं कळून-सवरून म्हणाले.

नेमकी त्याच दिवशी तुमच्या जागी नवी बाई आली होती. चंद्राबाई नाव, पेठ तालुक्यातली, माझ्याच वयाची, बोलणं कमी. ती बिचारी पहिल्या दिवशी रोपांना पाणी घालत भिंतीपाशीच उभी, हातात नळी. क्लबातल्या कबीरनं तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. बाकीच्यांनी पण तसंच. ती आपणहून म्हणाली, "म्या नाय काय केला." कशाचं काय केलं नाही, तेही तिला ठाऊक नव्हतं. पोरं वळून निघून गेली.

त्या आठवड्यातल्या बुधवारी क्लबला दोन पोरं आली. अठरातली दोन. बाकीची बुद्धिबळात जाऊन बसली. चंद्राबाई वाफ्यापाशी खुरपी मांडून बसली होती, तुमच्यासारखीच, अठरा खुरपी. ती दोन पण थोड्या वेळानं कंटाळून गेली. तिनं सगळी खुरपी धुऊन परत ठेवली.

सोमवारच्या गोलात हे मिटलं असतं. गोल म्हणजे काय ते तुम्हाला मी कशाला सांगू? सगळी शाळा हॉलमध्ये जमिनीवर गोल करून बसते, ज्याची चूक झाली त्यानं आपलं आपण उभं राहून सांगायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि भरपाई काय ते गोलानं ठरवायचं. मी इतकी वर्षं दारातून बघून हसत आले. तुम्ही एकदा उभे राहिला होतात, आठवतं? इरानं लावलेलं जांभळ्या फुलाचं झाड तण समजून उपटलंत. ओळखीसाठी तिनं आइस्क्रीमची काडी खोचलेली, ती पडली होती. तुम्ही एवढे म्हातारे, पोरांसमोर कान धरून उभे. पोरांनी ठरवलं, मामांनी आठवडाभर खुरपं वापरायचं नाही, हातानं तण काढायचं आणि प्रत्येक तण उपटण्याआधी इराला विचारायचं. आणि तुम्ही विचारत होतात! "इराताई, हे काढू का?" मी तुम्हाला म्हटलं होतं, "लाज नाही वाटत, मामा?"

तुम्ही म्हणालात, "पोरांपुढं वाकायला कसली लाज? मी दिवसभर वाकलेलाच आसतो."

आता माझ्यावर आली ना पाळी. पुढच्या सोमवारी मी हॉलच्या दारापर्यंत गेले. आत दोनशे पोरं, मिस, मॅडम. म्हटलं, आपण कोण, आपल्याला कुणी त्या गोलात बोलावलंय? तुम्हाला तरी कुणी बोलावलं होतं, तुम्ही आपले जाऊन बसायचात. मी दारातली फरशी पुसली, पुसलेलीच परत पुसली, आणि माघारी आले.

गोलात त्या दिवशीही चंद्राबाईचं नाव कुणी घेतलं नाही. नियमच आहे ना. मिस नंतर मला म्हणाल्या, मुलांना बागेचं विचारलं तर सगळी गप्प, जावंसं वाटत नाही एवढंच म्हणतात.

दुसरा बुधवार. एकही पोर नाही. मेथीला फुलं आली, जून झाली. तुम्ही असतात तर एव्हाना प्रत्येक पोराच्या दप्तरात एकेक जुडी गेली असती, आणि माझ्याकडेही आली असती, पानाला माती तशीच ठेवून, मुद्दाम.

त्याच दिवशी आपल्याला कामाला लावणाऱ्या एजन्सीचा सुपरवायझर आला. तोच तो, मोबाईलवर बोलत-बोलत हजेरी घेणारा. मला म्हणाला, "मावशी, या नव्या बाईंचं मुलांशी जमत नाहीये म्हणे. महिनाअखेर त्यांना दुसरीकडे टाकतो. आणि मॅडमना सुचवलंय, वाफे काढून तिथे रबरी फरशी टाकू, खेळायला. तुमचं कामही कमी होईल."

मामा, रागावू नका, पण पहिल्यांदा मला बरंच वाटलं. रबरी फरशी! पाण्याची नळी मारली की झालं. बुधवारचा चिखल नाही, ओरडणं नाही. मी पहिल्या दिवसापासून हेच तर मागत होते.

मग संध्याकाळी घरी जाताना हिशोब लागला. चंद्राबाईची जागा जाणार, तुमचे वाफे जाणार, आणि तेही माझ्या एका 'नाही'मुळे.

तरीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चंद्राबाई माझ्या खोलीत आली. पाय धुऊन आली होती, मी न सांगता. डबा उघडला, नागलीची भाकर अर्धी मोडून माझ्यापुढं ठेवली. जेवता-जेवता कोपऱ्यात बघून म्हणाली, "बाय, तुझे ब्रशात माती हाय."

तारेचा ब्रश. मी तो धुवायला विसरले होते. मी, इंदू! तारांच्या बुडाशी लाल माती सुकून बसलेली. फरशी पुसायला तारेचा ब्रश कुणी वापरत नाही, हे तिला कळत होतं.

मी घास गिळला. म्हटलं, "सांगितलंस का कुणाला?"

"नाय."

"सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुझा तू बघ." मग भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "तू आवणी केलीस ना कधी? तुझे पायांवरना कळतं."

इतक्या वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं. तुम्हालाही नाही. मी पाय साडीत ओढून घेतले. ती हसली नाही, काही नाही. पाणी प्यायली, डबा झाकला आणि गेली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते मला येतं.

सोमवार आला. हॉलच्या दारात चपला काढल्या आणि सरळ आत गेले. आत गेल्यावर लक्षात आलं, हातात मॉप तसाच आहे. आता तो ठेवायचा कुठं? तसाच धरून उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "मावशी, काही सांडलंय का?"

मी म्हटलं, "नाही. भिंत मी धुतली."

एवढंच बोलायचं ठरवून गेले होते. पण गोलात 'का' विचारायचा हक्क असतो. कबीर उभा राहिला. "का धुतलीस?"

"चिखल होता म्हणून."

पहिलीतलं एक पिल्लू, मला नावही माहीत नाही, बसल्या जागेवरून म्हणालं, "पण तो मामांचा चिखल होता."

मामा, मी हातातला मॉप खाली फरशीवर ठेवला.

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी मामांच्याच दहाव्याला गेले होते." मग सगळंच सांगितलं. मिसनी विचारलं तेव्हा खोटं बोलले, तेही सांगितलं. चंद्राबाईचा काही संबंध नव्हता, तेही. पुडीचं मात्र नाही सांगितलं. ती आपल्या दोघांतली गोष्ट.

मला वाटलं, आता पोरं रडतील, नाहीतर मॅडम काही बोलतील. इरा उभी राहिली. माझ्याकडे बघितलंच नाही तिनं. गोलाकडे बघून म्हणाली, "आम्ही नाव नाही घेतलं, पण मनात घेतलं. ते पण घेतल्यासारखंच आहे ना?"

मग क्लबातली पोरं उठली आणि हॉलच्या बाहेर चालू लागली. मिस म्हणाल्या, "अरे, गोल संपला नाही अजून." कबीर म्हणाला, "मिस, गोल तिकडे नेऊ या." आणि खरंच, अख्खी शाळा उठून बागेत आली. दोनशे पोरं वाफ्यांच्या कडेनं. चंद्राबाई कुदळ हातात घेऊन उभी, घाबरलेली, काय झालं कळेना. अठरा जणांनी तिला सॉरी म्हटलं, एकेकानं. हानानं तिच्या जवळ जाऊन तिचे तीन शब्द म्हणून दाखवले, "खुरपं, गांडूळ, थांब." चंद्राबाईनं विचारलं, "थांब कशाला? मी कुठं चालली?" तेव्हा सगळी हसली. ती पण हसली. हसताना पहिल्यांदा बघितली मी तिला.

राहिली माझी भरपाई. पोरं बाजूला जाऊन कुजबुजली. कबीर येऊन म्हणाला, "एक, भिंतीवर सगळे परत हात उमटवणार, आणि पहिला मावशीचा."

मी म्हटलं, "माझे हात भेगाळलेत, फिनाइलनं."

"चालेल."

"दोन, दुपारपर्यंत हात धुवायचा नाही."

ते अवघड होतं, पण कबूल केलं.

"तीन, बुधवारी आम्ही चिखलाचे पाय घेऊन आत आलो तर ओरडायचं नाही."

मी म्हटलं, "ते जमणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, गोलाचा निर्णय..."

मी म्हटलं, "मॅडम, गोल असू दे नाहीतर चौकोन. फरशी माझी आहे." पोरं खुदखुदली. मग इरानं तोडगा काढला. नळापाशी मी स्वतः तांब्या घेऊन उभं राहायचं, प्रत्येकाच्या पायावर पाणी घालायचं, आणि त्यातूनही जो पळेल त्याच्यावर ओरडायचं. गोलानं हात वर केले. मंजूर.

घमेल्यात माती चंद्राबाईनं कालवली. कसली कालवली, मामा! ना पातळ ना घट्ट, आवणीच्या खाचरात असते तशी. मी हात घातला. तीस वर्षांनी घातला. वास तोच. मला वाटलं होतं, शिसारी येईल. आली नाही. थंड लागलं, एवढंच. भिंतीवर हात दाबला. माझा ठसा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत वाकडा, भेगांची जाळी उमटली. चंद्राबाईचा शेजारी. मग अठरा लहान. मधे पोरांनी एक हात मावेल एवढी जागा कोरी सोडलीय. कुणाची, ते तुम्हाला सांगायला नको.

रबरी फरशीचं आता कुणी बोलत नाही. सुपरवायझर परत आला होता. त्याला मॅडमनी काय सांगितलं माहीत नाही, पण चंद्राबाईचं नाव हजेरीत आहे. मागच्या बुधवारी क्लबला अठराच्या जागी सव्वीस पोरं आली. बुद्धिबळातली पण आठ ओढून आणली. जून मेथी उपटून खड्ड्यात टाकली, नवी पेरली. चंद्राबाई तुमच्यासारखी बोलत नाही, नुसतं करून दाखवते. पोरांना ते बरं वाटतंय असं दिसतं. तुम्हाला राग येईल का? येऊ दे. तुम्ही पण कुणाच्या तरी जागीच आला असाल ना.

मी नळापाशी तांब्या घेऊन उभी होते. सव्वीस जोड्या पाय. कंबर राहिली नाही. तुम्ही इतकी वर्षं नळापाशी नुसती बादली ठेवून मोकळे झालात, कधी असे उभे राहिला नाहीत, हे मी विसरलेले नाही.

आता शेवटचं. हे पत्र खड्ड्यात जायच्या आधी सांगून ठेवते. भिंत मी धुणार नाही. पाऊस धुईल ती धुईल, आणि शाळा उघडली की पोरांकडून परत करून घेईन, दर वर्षी, मी इथं आहे तोवर. तुमच्या चपलांना लागलेली माती मी काढणार नाही. चंद्राबाईनं त्या खोलीत आत खिळ्याला टांगल्यात, माझ्या फडक्यापासून लांब. कुणी माझ्या दारात काही मागायला आलं, तर आधी देईन आणि मग पाय बघेन. हे मी गोलात बोलले नाही, तुम्हालाच सांगतेय.

पण फरशीवर पाऊल उमटलं तर मी ओरडणार, मामा. पूर्वीसारखीच, घसा फोडून. नाहीतर तुम्हाला तिकडे कळणार कसं, की पोरं वर्गात पोचली?

तुमची भांडखोर बहीण,
इंदू